बँकेने तक्रार फेटाळली, तर पुढे काय?

(आपल्या प्रभागसंघाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत आर्थिक साक्षरता सखीने केलेलं हे भाषण. सभेनंतर बऱ्याच जणींनी लिहून मागितलं, म्हणून इथे देत आहोत.)



बोलायच्या आधी एक विचारते. खात्यातून पैसे कापले गेले पण हातात आलेच नाहीत, असं कधी ना कधी ज्यांचं झालंय, त्यांनी हात वर करा. बरेच हात आहेत. आता ज्यांनी बँकेत लेखी तक्रार दिली, त्यांनीच हात वर ठेवा. बघा, किती खाली आले! आणि बँकेने नाही म्हटल्यावर पुन्हा अर्ज केला, अशा किती? दोघी. त्यातली एक मी.

म्हणून माझंच सांगते.

दोन वर्षांपूर्वी गटातून मी शेळ्यांसाठी कर्ज घेतलं होतं. ते खात्यात जमा झालं. ३ जूनला तालुक्याच्या गावी एटीएमवर गेले. माझ्या बँकेचं मशीन बंद होतं, म्हणून शेजारच्या दुसऱ्या बँकेच्या मशीनवर कार्ड घातलं. दहा हजाराचा आकडा टाकला. आत नोटा मोजल्याचा आवाज आला, मग मशीन गप्प. पैसे नाहीत, पावती नाही. दोन मिनिटांनी मोबाइलवर मेसेज आला, दहा हजार वजा. तिथला रखवालदार म्हणाला, “ताई, चोवीस तासांत परत येतात.” मी त्याच्यावर विश्वास ठेवून घरी आले.

आले नाहीत. तीन दिवसांनी शाखेत गेले, तर तोंडी उत्तर मिळालं, “येतील, थांबा.” शेवटी ९ जूनला अर्ज दिला. २७ जूनला मेसेज आला की तुमचा व्यवहार यशस्वी झालेला आहे, तक्रार बंद करण्यात आली आहे.

मैत्रिणींनो, त्या एका ओळीने काय झालं ते सांगते. घरात सगळ्यांना वाटायला लागलं की मी खोटं बोलतेय. बँकच म्हणतेय पैसे दिले, मग गेले कुठे? सासूबाई म्हणाल्या, भावाला दिले असतील. मालक तोंडाने काही बोलले नाहीत, पण दोन दिवस जेवताना माझ्याकडे बघत नव्हते. इकडे गटाचा हप्ता चालू झालेला. शेळ्या आल्याच नव्हत्या आणि व्याज मात्र भरायचं होतं. खरं सांगते, एक वेळ अशी आली की मलाच वाटलं, नोटा बाहेर आल्या आणि मीच घ्यायला विसरले की काय!

मला त्यातून बाहेर काढलं आपल्या लेखापाल ताईंनी. त्यांनी एकच विचारलं, “बँकेने कशाच्या आधारावर नाही म्हटलं, ते लिहून मागितलंस का?” मी म्हटलं, नाही. तर त्या म्हणाल्या, “आपल्या गटात एखादीचं कर्ज नाकारलं, तर कारण इतिवृत्तात लिहितो ना आपण? मग बँकेला कारण का विचारायचं नाही?”

आजच्या बोलण्यातली मुख्य गोष्ट हीच आहे. बँकेचा पहिला नकार म्हणजे निकाल नव्हे. त्यानंतर आपल्याला पुढची पायरी चढता येते. आणि ती चढायला जे लागतं ते आपण दर महिन्याला करतोच: तारीख, रक्कम, कोण काय बोललं, हे वहीत लिहिणं.

आता नियम काय आहेत ते बघू.

रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९ ला एक परिपत्रक काढलं. एटीएममधून पैसे आले नाहीत आणि खात्यातून कापले गेले, तर व्यवहाराच्या दिवसापासून पाच दिवसांत बँकेने ते परत जमा करायचे. त्याहून उशीर झाला, तर दर दिवसाला शंभर रुपये भरपाई ग्राहकाला द्यायची. ही भरपाई मागावीही लागू नये, बँकेने आपणहून द्यावी, असं त्यात आहे. मशीन दुसऱ्या बँकेचं असलं तरी हाच नियम. अंगठा लावून आधारवर पैसे काढताना खात्यातून कापले गेले आणि हातात आले नाहीत, तरीही पाच दिवस. मोबाइलवरून यूपीआयने कुणाच्या खात्यात पाठवलेले पैसे पोचले नाहीत, तर दुसऱ्या दिवसापर्यंत. दुकानदाराला दिलेले अडकले, तर पाच दिवस.

दुसरं परिपत्रक ६ जुलै २०१७ चं. आपण न केलेला व्यवहार खात्यावर झाला, म्हणजे कुणीतरी परस्पर पैसे काढले, तर कुणी किती सोसायचं, ते त्यात आहे. बँकेचीच चूक असेल, तर आपण काही सोसायचं नाही. चूक बँकेची नाही, आपलीही नाही, तिसऱ्याच कुणाची आहे, आणि बँकेचा मेसेज आल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत आपण कळवलं, तरीही आपण काही सोसायचं नाही. चार ते सात दिवसांत कळवलं, तर जनधनसारख्या साध्या बचत खात्याला जास्तीत जास्त पाच हजार आणि नेहमीच्या बचत खात्याला जास्तीत जास्त दहा हजारापर्यंतचं नुकसान आपल्याकडे येतं. सात दिवसांनंतर त्या त्या बँकेचं धोरण. आणि सगळ्यात महत्त्वाचं, चूक ग्राहकाची आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेची आहे. हे वाक्य पाठच करा. डिसेंबर २०१७ मध्ये असेच नियम सहकारी बँकांनाही लागू केले गेले.

आता नकाराची कारणं. साधारण चार-पाच ठरलेली कारणं येतात. प्रत्येकाला काय म्हणायचं ते सांगते.

पहिलं कारण, “व्यवहार यशस्वी झाला आहे.” माझ्या वेळी हेच होतं. यावर भांडायचं नाही, पुरावा मागायचा. एटीएमच्या आत प्रत्येक व्यवहाराची नोंद होते, तिला ईजे लॉग म्हणतात. नोटा बाहेर आल्या का, परत आत ओढल्या गेल्या का, हे त्यात दिसतं. मशीनमध्ये रोकड भरायला येतात तेव्हा मोजणी होते, हिशेबापेक्षा रोकड जास्त निघाली का, त्याचाही अहवाल असतो. शिवाय कॅमेरा असतो. या तिन्ही गोष्टी अर्जात नाव घेऊन मागायच्या. कॅमेऱ्याचं चित्रण कायम ठेवत नाहीत, म्हणून पहिल्याच अर्जात लिहायचं की चित्रण जपून ठेवा.

दुसरं, “मशीन आमचं नाही, तिकडे जा.” जायचं नाही. कार्ड ज्या बँकेचं, तक्रार त्याच बँकेकडे. समोरच्या बँकेकडून माहिती मागवणं हे त्यांचं काम.

तिसरं, “तुमचाच पिन वापरला गेलाय.” पिन वापरला एवढ्यावरून चूक आपली ठरत नाही. “मी पिन कुणाला सांगितलेला नाही. माझी चूक आहे असं बँकेचं म्हणणं असेल, तर ते कशावरून, हे लेखी द्यावं,” असं लिहायचं. पण हे खरं असेल तरच लिहा. घरातल्या पोराकडे कार्ड आणि पिन दिला असेल, तर आधी घरात विचारा.

चौथं, “तुम्ही उशिरा कळवलंत.” मघाशी सांगितलेले दिवस मोजा. मेसेज ज्या दिवशी आला तो दिवस धरायचा नाही, सुट्ट्या धरायच्या नाहीत. आणि बँकेचीच चूक असेल, तर हे दिवसांचं बंधन लागतच नाही.

पाचवं, “कागदपत्रं अपुरी आहेत.” हा खरं तर नकार नाही. कोणतं कागदपत्र हवंय ते लिहून घ्या, ते जोडा, पोच घ्या.

माझं पुढे काय झालं? ४ जुलैला मी दुसरा अर्ज दिला, हे तिन्ही पुरावे मागितले. एक प्रत शाखेत, एक बँकेच्या मुख्य तक्रार अधिकाऱ्याला, त्याला नोडल अधिकारी म्हणतात. त्याचं नाव-पत्ता शाखेतल्या फलकावर असतो. १८ जुलैला उत्तर आलं, तीच ओळ, पुरावा एकही नाही. मग २५ जुलैला आम्ही प्रभागसंघाच्या संगणकावर बसून रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार टाकली.

हा लोकपाल म्हणजे बँक आणि ग्राहकाचं भांडण सोडवायला रिझर्व्ह बँकेने नेमलेला अधिकारी. १२ नोव्हेंबर २०२१ पासून सगळ्या देशासाठी एकच योजना झाली. एक पैसाही फी नाही. वकील लागत नाही. आपल्या वतीने दुसरी कुणी तक्रार करणार असेल, तर तिला लेखी अधिकार द्यायचा, पण ती व्यक्ती वकील नसावी. म्हणजे बँक सखी किंवा सीआरपी ताई हे करू शकते.

तक्रार कधी करता येते? आधी बँकेकडे लेखी तक्रार झालेली असली पाहिजे. मग बँकेने ती फेटाळली, किंवा उत्तराने समाधान झालं नाही, किंवा तीस दिवसांत उत्तरच आलं नाही, यातलं एक काही असलं की झालं. तेच प्रकरण कोर्टात नेलेलं असेल, तर लोकपाल घेत नाही. मुदत असते, म्हणून माझा सल्ला असा की नकार आल्यावर महिना उलटू देऊ नका.

कुठे करायची? ऑनलाइन करायची असेल तर सीएमएस डॉट आरबीआय डॉट ओआरजी डॉट इन या ठिकाणी. कागदावर करायची असेल तर पत्ता लिहून घ्या: केंद्रीय प्राप्ती व प्रक्रिया केंद्र, भारतीय रिझर्व्ह बँक, चौथा मजला, सेक्टर १७, चंदीगड १६००१७. माहितीसाठी फोन १४४४८, मराठीतही बोलता येतं. ग्रामीण बँका यात आहेत. १ नोव्हेंबर २०२५ पासून जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकाही आल्यात, ही आपल्यासाठी मोठी गोष्ट, कारण आपल्यापैकी कित्येकींची खाती तिथेच आहेत. पतसंस्था मात्र यात येत नाहीत. त्यांची तक्रार सहकार खात्याच्या निबंधकाकडे.

लोकपालाकडे तक्रार गेल्यावर सप्टेंबरमध्ये मला बँकेतून फोन आला. फार गोड आवाज. “ताई, तुमचे दहा हजार जमा करतोय, तेवढी तक्रार मागे घ्या.” मी म्हटलं, साहेब, आभारी आहे, पण उशिराचे पैसे? ते म्हणाले, कसले उशिराचे? मी वही उघडली. ३ जूनचा व्यवहार, ८ जूनपर्यंत मुदत. ९ जूनपासून दर दिवसाचे शंभर. २१ सप्टेंबरला दहा हजार जमा झाले, म्हणजे उशीर एकशे पाच दिवसांचा. दहा हजार पाचशे रुपये. पलीकडे थोडा वेळ शांतता होती. आठवड्याभराने तेही जमा झाले, आणि मगच मी तक्रार मिटली असं कळवलं.

त्या दिवशी मी पासबुक भरून आणलं आणि सासूबाईंच्या पुढ्यात ठेवलं. त्यांना वाचता येत नाही. नातीकडून वाचून घेतलं. काही बोलल्या नाहीत, चहा टाकला. मला तेवढं पुरलं.

पण सगळ्याच तक्रारी जिंकतात असं नाही. खोटी आशा मी दाखवणार नाही. आमच्या शेजारच्या गावातल्या एका ताईला फोन आला, केवायसी संपलंय, खातं बंद होईल. घाबरून तिने ओटीपी सांगितला. अठरा हजार गेले. बँकेने तक्रार फेटाळली, लोकपालाकडेही ते अठरा हजार मिळाले नाहीत, कारण ओटीपी आपण सांगितला तर ते नुकसान आपलं. पण गंमत बघा. तिने सकाळी अकरा वीसला बँकेच्या क्रमांकावर फोन करून खातं थांबवायला सांगितलं होतं आणि तक्रार क्रमांक वहीत लिहिला होता. बँकेने लगेच थांबवलं नाही, आणि बाराच्या सुमारास आणखी चार हजार गेले. ते चार हजार तिला परत मिळाले. कारण नियम असा आहे की आपण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं नुकसान. वेळ लिहून ठेवली नसती, तर तेही गेले असते.

म्हणून फसवणूक झाली की पहिल्यांदा बँकेला फोन, लगेच १९३० ला फोन. रडायला नंतर वेळ आहे. लाजही वाटून घेऊ नका. शिकलेली, नोकरीवाली माणसंही फसतात.

अंगठ्याचं थोडं सांगते. केंद्रावर “सर्व्हर डाऊन आहे, परत अंगठा लावा” असं तीनदा झालं, तर तिथून उठायच्या आधी शिल्लक विचारा आणि पावती घ्या. पावती नाही म्हणाला, तर तारीख, वेळ, केंद्राचं नाव वहीत लिहा आणि त्याच दिवशी बँकेत कळवा. अंगठ्याने नेहमी पैसे काढत नसाल, तर आधारच्या अ‍ॅपवरून किंवा आधार केंद्रात जाऊन बोटांचे ठसे कुलूपबंद करता येतात. त्यासाठी आधारला मोबाइल क्रमांक जोडलेला हवा. चौकशीला १९४७.

आता आपल्यातल्या काही जणींकडे, पोरांकडे क्रेडिट कार्डही आलंय. त्यात फरक असा की पैसे बँकेचे असतात आणि बिल आपल्याला येतं. बिलात न केलेली खरेदी दिसली, तर लगेच लेखी कळवायचं. तीस दिवसांत बँकेने स्पष्टीकरण द्यायचं, गरज पडली तर कागदोपत्री पुरावाही द्यायचा. ज्या रकमेबद्दल फसवणुकीची तक्रार आहे, तिचा निकाल लागेपर्यंत तिच्यावर आकार लावायचा नाही, असा नियम आहे. पण बाकीचं बिल, जे आपलंच आहे, ते वेळेवर भरा. रागाने सगळंच बिल थांबवलं, तर थकबाकी आपल्या नावावर चढते आणि पुढे गटाच्या बँक कर्जालाही ती आडवी येऊ शकते. तक्रार फेटाळली तर पायऱ्या त्याच: कारण लेखी मागा, पुरावा मागा, नोडल अधिकारी, मग लोकपाल.

लोकपालाकडेही न्याय मिळाला नाही असं वाटलं, तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. प्रकार घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जाता येतं, पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही, स्वतः उभं राहून बोलता येतं. सल्ल्यासाठी १९१५ वर फोन करा.

आता अर्ज कसा लिहायचा ते ऐका. साधा, अर्ध्या पानाचा. शिव्याशाप नकोत, रडगाणं नको.

“प्रति, शाखाधिकारी. विषय: तक्रार क्रमांक अमुक फेटाळल्याबाबत फेरविचाराची विनंती. महोदय, माझ्या खात्यातून अमुक तारखेला, अमुक वेळी, अमुक ठिकाणच्या एटीएमवर इतके रुपये वजा झाले, परंतु रक्कम मिळाली नाही. माझी तक्रार आपण अमुक तारखेला बंद केली. कोणत्या पुराव्यावरून बंद केली ते लेखी कळवावे. ईजे लॉग, रोकड मोजणीचा अहवाल आणि कॅमेऱ्याचे चित्रण तपासून त्याची माहिती मला द्यावी. रक्कम व नियमाप्रमाणे उशिराची भरपाई जमा करावी. तसे न झाल्यास मी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे दाद मागेन.”

खाली सही किंवा अंगठा, मोबाइल क्रमांक. सोबत पासबुकाच्या त्या पानाची झेरॉक्स आणि मेसेजचा फोटो. दोन प्रती करा, एकीवर शाखेचा शिक्का आणि तारीख घ्या. शिक्का देत नसतील, तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपून ठेवा. मूळ कागद कुणालाही देऊ नका.

शेवटचं सांगते आणि बसते. मला घरात कुणी खोटं ठरवलं, याचं कारण मी एकटी बँकेत गेले होते. दुसऱ्यांदा लेखापाल ताई सोबत आल्या, तेव्हा शाखेत खुर्ची मिळाली. बँकेतले सगळे वाईट असतात असं नाही, त्यांच्याकडेही कामाचा ढीग असतो. पण हातात कागद आणि सोबत दोन बायका असल्या, की आपला अर्ज त्या ढिगाच्या वर येतो.

म्हणून माझी विनंती आहे. प्रत्येक ग्रामसंघाने एक तक्रार नोंदवही सुरू करावी. त्यात सहा रकाने: तारीख, सदस्याचं नाव, रक्कम, काय झालं, बँकेकडे कधी दिलं, उत्तर काय आलं. मासिक बैठकीत हप्ते वसूल झाले की ती वही उघडायची. जिच्या तक्रारीला तीस दिवस झाले किंवा जिची तक्रार फेटाळली, तिच्यासोबत दोघींनी जायचं, असा ठराव करायचा. अध्यक्षताई, आजच्याच सभेत हा विषय घ्यावा, अशी मी विनंती करते.



(हा विषय त्याच सभेत चर्चेला आला आणि ठराव एकमताने मंजूर झाला. तक्रार नोंदवहीचा नमुना प्रभागसंघाच्या कार्यालयात मिळेल.)